पाण्याचा दिवस आणि माझा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर मला विकत घ्यायचा नव्हता, जुळवायचा होता. तयार डबा उचलून आणणारी माणसं मला तेव्हा ऐदी वाटायची. खरं सांगायचं तर तयार डबा परवडत नव्हता, पण हे मी कुणापुढं कबूल करत नसे. ‘मला माझ्या मनासारखा पाहिजे,’ असं सांगायची. माय म्हणायची, "मनासारखा तर नवरापण भेटत नाय, मशीन कुठून भेटायचं?"

दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं. जायकवाडीचं पाणी तळाला गेलेलं आणि शहर मात्र हर्सूलच्या पुढं, सावंगीच्या अंगानं रोज वाढत चाललेलं. पाणी कमी, घरं जास्त, असा उफराटा कारभार. आमची गल्ली त्या वाढीतलीच, गुंठेवारीतली. गुंठ्या-दीड गुंठ्याचे तुकडे घेऊन लोकांनी बांधलेली अकरा घरं, आणि अकरांना मिळून एक पाईप. पाईप मोठ्या रस्त्याकडून यायचा, म्हणून पहिलं घर आमचं. शेवटचं, अकरावं, माझ्या मैत्रिणीचं. नळ आठव्या दिवशी यायचा, तोही तासभर. पाण्याच्या दिवशी गल्लीत पाहुणा आला तर आधी त्याच्या हातात बादली द्यायचे, मग बसा म्हणायचे.

मी एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करायची. वाढदिवसाचे बोर्ड. मधे भाऊ, भाऊंच्या डोळ्यांवर गॉगल, आणि खाली गोल गोल चौकटींत चाळीस शुभेच्छुक. त्यातला एक जरी राहिला तर दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन ओरडणार. मालक बाहेर गेला की मी त्याच कॉम्प्युटरवर फुकटात मिळणारं ॲनिमेशनचं एक सॉफ्टवेअर शिकत बसायची. दोन वर्षांत बऱ्यापैकी शिकले. मग पुण्याच्या एका स्टुडिओनं जाहिरात दिली, की अर्ध्या मिनिटाची स्वतः केलेली फिल्म पाठवा, आवडली तर कामाला बोलावू. त्याच आठवड्यात मालकानं एका भाऊंचा चेहरा मला तिसऱ्यांदा गोरा करायला लावला. मी म्हटलं, "आता याच्यापुढं फक्त कोरा कागद उरतो," आणि पर्स उचलून घरी आले. तापट आहेच मी, लहानपणापासून.

म्हणजे मामला सरळ होता. फिल्म त्यांना आवडली तर पुणं. नाही आवडली तर त्याच मालकापुढं मान खाली घालून परत जायचं, आणि माझी मान खाली जातच नाही, घोडं तिथंच अडतं. जवळ दोन वर्षांची बचत होती आणि तीन महिन्यांची मुदत.

यादी मी फ्लेक्सच्या एका तुकड्याच्या पांढऱ्या पाठीवर केली होती. दुपारी फरशीला पाठ लावून पडायची आणि यादी डोळ्यांसमोर धरून वाचायची. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड. बाहेर ऊन इतकं पांढरं पडलेलं असायचं की दाराची चौकट तेवढी खरी वाटायची, तिच्यापलीकडचं जग कुणीतरी पुसून टाकलेलं. पंख्याची गरम हवा अंगावरून जायची, डोळे जड व्हायचे, आणि अर्धवट झोपेत ती नावं लांबच्या गावांची वाटायला लागायची. मी तिथं चालत निघालेली असायची. जागी झाले की कळायचं, स्वप्नात मी दोन रॅम घेऊन बसले होते आणि ऐपत एकीचीच आहे.

फिल्मसुद्धा मला अशीच दुपारी दिसली होती. बाबांकडं पूर्वी मेंढरं होती. आमच्या घरामागच्या माळावर ते चारायचे. मग त्या माळाचं प्लॉटिंग झालं, चुन्याच्या रेघा ओढून चौकोन पाडले गेले, आणि तरी एक उन्हाळा बाबा तिथंच कळप नेत राहिले. संध्याकाळी मेंढरं परत यायची तेव्हा त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चुन्यानं पांढरे झालेले असायचे. मी लहान होते, मला वाटायचं त्यांनी मोजे घातलेत. फिल्ममध्ये तेवढंच होतं. काळी मेंढरं माळावरून चालत येतात, त्यांच्या पांढऱ्या पायांनी जमिनीवर रेघा उमटत जातात, आणि शेवटचं मेंढरू पुढं निघून जातं तेव्हा मागं अख्खं शहर आखलेलं असतं.

चारा संपला तशी बाबांची मेंढरं गेली, आणि ते त्याच प्लॉटिंगवर वॉचमन म्हणून लागले. म्हणायचे, "जागा तीच हाय, हाकायला कुणी नाय एवढंच." त्यांनी एकदा माझी यादी हातात घेऊन विचारलं, "यात सगळ्यात मागं चालणारं कोणतं?"

"बाबा, लोक सगळ्यात पुढचं कोणतं ते विचारतात."

"पुढच्याचं काय कौतिक? कळप मागच्याच्या चालीनं चालतो."

मी हसले. पण मैत्रिणीला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, इंग्रजी चांगलं, आणि डोकं माझ्या दसपट थंड. म्हणाली, "बरोबर बोलले ते. एवढं भारी कार्ड लिहिलंस आणि रॅम बघ केवढीशी. नाकापेक्षा मोती जड. कार्ड बिचारं नुसतं वाट बघत बसेल." मग आम्ही प्रोसेसर गेल्या पिढीचा केला. मदरबोर्ड साधाच, पण रॅमसाठी एक जागा रिकामी ठेवणारा. कार्डही एक पायरी खाली आणलं आणि वाचलं ते रॅमकडं वळवलं. कॅबिनेट, म्हणजे वरचा पेटारा, बिनशोभेचा. त्यात लाल-निळे दिवे लागणारा एक होता आणि माझा जीव त्यात अडकला होता, खोटं कशाला बोलू. मैत्रीण म्हणाली, "दिव्यानं फिल्म होत नाही, गणपती होतो." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

तिचे अब्बा, आमचे चाचा, मोटार वायंडिंगचं काम करायचे. पाण्याची मोटार जळाली की तिच्या पोटातली तांब्याची तार काढून नवीन गुंडाळायची. दुकान म्हणजे घराचाच ओटा. गल्लीतली एकूण एक मोटार त्यांच्या हाताखालून गेलेली, आमचीसुद्धा. आणि त्यांच्याच घरी पाणी यायचं नाही. वरच्या दहा घरांच्या मोटारी पाईपला लागल्या की अकराव्या घरापर्यंत नुसती हवा जायची. त्यांनीही एक लावून बघितली होती, ती हवा ओढून ओढून जळाली. मग पाण्याच्या दिवशी चाची, मैत्रिणीची अम्मी, हंडा घेऊन गल्लीभर फिरायची, आणि ज्याची टाकी भरली तो तिला आपली नळी द्यायचा. आमची माय सगळ्यात आधी द्यायची. आम्हाला वाटायचं, आपण किती चांगले.

खरेदीला आम्ही तिघं गेलो, मी, मैत्रीण आणि चाचा. पैठण गेटजवळच्या दुकानात बाकीचं सगळं मैत्रिणीनं बघितलं. वीज वाटून देणारी लोखंडी पेटी, जिला पॉवर सप्लाय म्हणतात, तिची वेळ आली तेव्हा चाचा पुढं झाले. दुकानदारानं पाच-सहा काढून ठेवल्या. प्रत्येकीवर मोठमोठे आकडे छापलेले. चाचांनी आकड्यांकडं बघितलंच नाही. एकेक पेटी तळहातावर तोलली, नाकाशी नेऊन वास घेतला. सगळ्यात मोठा आकडा जिच्यावर होता ती उचलून म्हणाले, "ये तो खाली है. पापड का डब्बा." आणि एक ओबडधोबड, जड पेटी माझ्याकडं सरकवली. "ये ले बेटा. तांबा झूठ नै बोलता." दुकानदार आधी हसला, मग बाकीच्या पेट्या आवरायला लागला.

मॉनिटर नवा घेणं शक्यच नव्हतं. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुने मिळतात, कुठल्या कुठल्या ऑफिसांतून निघालेले. माझी मेंढरं काळी, आणि स्वस्त पडद्यावर काळं म्हणजे धुरकट राखाडी दिसतं. म्हणून मी घरातली घोंगडी बरोबर नेली होती. मोबाइलवर तिचा फोटो काढलेला, तो एकेका पडद्यावर लावायचा आणि शेजारी खरी घोंगडी धरायची. बाजारातली माणसं जमा झाली. एकजण म्हणाला, "ताई, पडदा घ्यायचाय का पडदा शिवायचाय?" मी म्हटलं, "तुमचं तोंड शिवायचंय आधी." सहाव्या पडद्यावर घोंगडीचा काळा घोंगडीसारखा दिसला. तोच घेतला. त्याच्या कोपऱ्याला एक ओरखडा होता, पण तिथं आकाश येणार होतं.

एका गोष्टीवर आमचं वाजलं. मैत्रीण म्हणत होती यूपीएस घे, वीज गेली तरी थोडा वेळ मशीन तग धरतं. यूपीएस घेतला असता तर कार्ड आणखी खाली उतरवावं लागलं असतं. मी तडकले. "वीज शुक्रवारी जाते, दुरुस्तीला. सगळ्या शहराला माहीत आहे. शुक्रवारी मी कामच करणार नाही." उन्हाचा विचार केला होता मी, धुळीचा केला होता, कॅबिनेटच्या जाळीला आतून मलमल लावली होती. पण कॉम्प्युटर घेताना पाण्याच्या दिवसाचा विचार करायचा असतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

मशीन आम्ही बाजेवर जुळवलं. सुरू झालं तेव्हा आतला पंखा इतका हळू फिरत होता की बाबांनी कान लावून बघितलं. माय म्हणाली, "झोपलंय का?" त्यानंतरचे अडीच महिने मला धड आठवत नाहीत, गुंगीत गेल्यासारखे गेले. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी त्या माळावर होते. एका मेंढराची मान कशी हलते ते बघायला बाबांना समोर बसवायची आणि ते मान हलवून दाखवायचे, अगदी गंभीरपणे. बाहेर टँकरचे भोंगे, कुणाच्या तरी स्लॅबची ठोकाठोक, आणि माझ्या पडद्यावर अजून एकही घर नसलेलं शहर. मी इतकी सुखात परत कधी नव्हते.

सगळं झाल्यावर शेवटचं काम उरतं ते रेंडरचं. मशीन एकेक चित्र स्वतः रंगवतं आणि मग सगळ्यांची मिळून फिल्म होते. आमच्या मशीनला त्याला एक दिवस, एक रात्र आणि वर दुसरा अर्धा दिवस लागणार होता. मधे हात लावायचा नाही, आणि तेवढा वेळ एरवी झोपलेला आतला पंखा जोरानं घरघरत राहायचा. मायनं त्याला ‘शिजणं’ नाव दिलं, आणि गल्लीनं उचललं. "शिजलं का गं तुझं पिक्चर?" एकेक चित्र वेगवेगळं साठवावं म्हणजे मधे बंद पडलं तरी झालेलं वाया जात नाही, हे आज कुणीही सांगेल. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमचं अख्खं पातेलं एकदमच चुलीवर होतं.

थोडंच उरलं होतं तेव्हा पडदा काळा झाला. मशीन बंद. वीज गेली म्हणावं तर पंखा रखडत का होईना फिरत होता. परत सुरू केलं, परत बंद. दीड दिवसाचं काम गेलं. तेल गेलं, तूप गेलं. मी पायातली चप्पल भिंतीवर फेकली आणि तशीच अनवाणी शेवटच्या घरापर्यंत गेले. चाचांना म्हणाले, "तुमचा तांबा खोटं बोलला." मैत्रीण माझ्या अंगावर धावून येणार होती, पण चाचा उठले आणि माझ्याबरोबर आले. आमच्या खोलीत त्यांनी मशीनला हातही लावला नाही. वर दिव्याकडं बघितलं. भर दुपारी लावलेला दिवा पिवळा, आजारी दिसत होता.

"आज पानी का दिन है ना," ते म्हणाले.

मग मला ऐकू आलं. म्हणजे कानावर आधीपासून पडतच होतं. दहा घरांच्या दहा मोटारी एकदम घुमत होत्या, एका तारेवर. सगळी वीज पाणी ओढण्यात चाललेली. "पेटी जड आहे म्हणून जळाली नाही," चाचा म्हणाले, "नुसती झोपली. इतनी कम बिजली पे स्टॅबिलायझर बी नै चलता." सगळ्यात मोठा आवाज आमच्याच मोटारीचा होता. बाबा ती पाणी यायच्या आधी पाव तास लावून ठेवायचे, पहिला ओढा आपला लागावा म्हणून.

मी चाचांची माफी मागितली नाही. जमलंच नाही. आज लिहिताना मागते आहे.

फिल्ममध्ये एक चूकही सापडली होती, मेंढरांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती काढण्यात सहा दिवस गेले. आता रेंडर लावलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं असतं, आणि त्याच संध्याकाळी मुदत संपत होती. आणि नेमका तो दुसरा दिवस पाण्याचा होता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. क्लासचे सर मशीन आणू देईनात. फ्लेक्सच्या दुकानाचं दार तर मीच आपटून आले होते.

मायनं गल्ली आमच्या ओट्यावर जमवली. एक दिवस कुणी मोटार लावायची नाही, एवढंच मागणं. आधी सगळे हसले. तिसऱ्या घरातल्या मावशी म्हणाल्या, "आन पाणी कुठून भरू? पिक्चर पिऊ का?" त्यावर चाचा उठले. तांब्याच्या तारेचे ओरखडे असलेले हात पुढं करून सांगायला लागले, की सगळ्यांच्या बंद राहिल्या तर सगळ्यांना येतं. "पतला आता, मगर आता. एकानं लावली की सगळ्यांना लावावी लागते."

मावशी म्हणाल्या, "तुमचं घर शेवटाला. तुम्ही असंच म्हणणार."

चाचा खाली बसले. दोन वर्षांपूर्वीही त्यांनी हेच सांगितलं होतं आणि हेच उत्तर मिळालं होतं. मोटारींवर ज्याचं पोट, तो मोटारी नको म्हणतोय, याचा विचार कुणी केला नाही. मीही केला नाही. मी नुसती घड्याळाकडं बघत होते.

माय म्हणाली, "चाचाचं सोडा. माझ्या लेकराची तीन महिन्यांची मेहनत हाय. एक दिवस." मग कुणीतरी म्हणालं, मेंढरं आपल्या बाबांचीच आहेत ना पिक्चरमध्ये. कुणी विचारलं, आमचं घर दिसतं का त्यात. मावशींच्या नातवाचा वाढदिवसाचा बोर्ड मी फुकट केला होता, तेही निघालं. हळूहळू माना हलल्या. "व्हय, पोरगी पुण्याला जाईल, नाव काढील." मावशी शेवटी म्हणाल्या, "पाणी नाय आलं तर तुझ्या त्या मेंढराचं दूध काढून आंघोळ करीन, सांगून ठेवते."

त्या दिवशी सकाळपासून मी पडद्यापुढून हलले नाही. झालेल्या चित्रांचा आकडा हळूहळू पुढं सरकत होता. एक मेंढरू, मग दुसरं. बाबा मोटारीच्या बटणापासून लांब, ओट्याच्या पार टोकाला जाऊन बसले होते. म्हणाले, हाताला सवय आहे, हाताचा भरवसा नाही. पाण्याची वेळ झाली. एकही मोटार लागली नाही. गल्ली इतकी शांत झाली की पाईपमधून हवा सरकल्याचा आवाज आला, मग खळखळ. मोटारींच्या खाली पाण्याला स्वतःचा आवाज असतो हे आम्ही साफ विसरलो होतो. आमच्या नळाला बोटाएवढी धार लागली. माय बादली धरून बसली, अगदी निवांत, मांडी घालून. दिवा पांढराशुभ्र होता.

तेवढ्यात शेवटच्या घराकडून किंकाळी आली. काहीतरी अघटित झालं असं वाटून मी मशीन सोडून पळाले. चाची अंगणातल्या नळापाशी उभी होती. त्या नळाला तिनं कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती, इतका तो कशाच्याच कामाचा नव्हता. आज त्यातून पाणी येत होतं. बारीक, पण येत होतं. हंडा बाजूला तसाच पडलेला, आणि चाची नुसता तळहात धारेखाली धरून उभी. "आपसे आया," ती मला म्हणाली. "मैं बुलाई बी नै." नऊ वर्षांत पहिल्यांदा.

मी खोलीत परत आले, पण आकड्याकडं बघवेना. नऊ वर्षं. आमच्या नळीतून आम्ही तिला जे देत होतो ते तिचंच पाणी होतं. दुपारी फिल्म पूर्ण झाली. गल्ली माझ्या खोलीत मावेना, म्हणून मॉनिटर खिडकीत ठेवून दाखवली. बाबांनी तीनदा बघितली आणि म्हणाले, "मागचं लंगडतं ते बरोबर दाखवलंस." मैत्रिणीनं क्लासमधून ती मुदतीआधी पाठवली.

उत्तर आलं ते बरोबर पुढच्या पाण्याच्या दिवशी, सकाळी. मोबाइलचं नेट जोडून मी मेल उघडली. इंग्रजी माझं कच्चं, तरी नकार कुठल्याही भाषेत कळतो. काम आवडलं, पण यावेळी घेता येत नाही, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. चार ओळी. ओरडावंसं वाटलं, चप्पल शोधावीशी वाटली.

मी दाराशी आले. पाण्याची वेळ होत आली होती. बाबा मोटारीपाशी उभे होते. पलीकडं मावशी त्यांच्या मोटारीपाशी, त्याच्यापुढं आणखी कुणी. सगळ्यांचे हात बटणाजवळ. एक दिवस म्हटला होता, तो झाला होता. गल्लीच्या टोकाला चाची हंडा काखेत घेऊन निघाली होती, नेहमीसारखी, आमच्याकडं नळी मागायला.

"काय म्हणाले पुण्यावाले?" बाबांनी विचारलं.

"आवडली," मी म्हणाले. "दुसरी मागितलीय. मोठी. उन्हाळाभर शिजवावी लागेल."

"लई भारी!" बाबा एवढ्यानं ओरडले की अर्ध्या गल्लीला कळलं. त्यांनी हात मागं घेतला. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, उन्हाळाभर?" आणि त्यांनी एकदा आपल्या बटणाकडं बघितलं. मग कपाळाला हात लावून आत बादली आणायला गेल्या. पुढचे हातही एकेक करून खाली आले. चाची रस्त्याच्या मधेच थांबली आणि परत फिरली.

मैत्रीण धावत आली, पेढे कुठंत म्हणत. मी काही बोलायच्या आत ती खुर्चीत बसली, पडद्यावर मेल तशीच उघडी होती. तिनं ती वाचली. परत वरपासून वाचली. बाहेर गल्लीच्या टोकाला नळाखाली हंडा ठेवल्याचा आवाज झाला, आणि त्यात पाणी पडायला लागलं. ती ऐकत बसली. मग तिनं मेल बंद केली.

"दूसरा पिक्चर कायपे बनाएंगे?" तिनं विचारलं.

मला हुंदका फुटला. बाहेर बाबा होते. तिनं एका हातानं माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं जुनीच फिल्म पुन्हा रेंडरला लावली, मशीनच्या पंख्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा व्हावा म्हणून.